अंदाजपत्रकात आपत्तीचा रकाना

नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर किल्लारीपासून लातूर शहर सरळ रेषेत चाळीस किलोमीटरांच्या आसपास भरते आणि बसवकल्याणही. अंतरे जवळपास सारखीच, पण एक गाव महाराष्ट्रात आणि दुसरे कर्नाटकात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हादरली तेव्हा आदल्या रात्री गणपती विसर्जन करून आलेली गावे गाढ झोपेत होती. औसा आणि उमरगा तालुक्यांतली ती गावे कोसळली आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीतही तो हादरा जाणवला. तिकडचीही घरे काळ्या जमिनीवरची, दगडमातीच्या भिंतींची, वर मातीच्या धाब्याची. ते साहजिकच होते, कारण निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला, पण घर बांधायची रीत वाटली गेली नाही. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने जे मोठे पुनर्वसन झाले ते महाराष्ट्राचे होते आणि महाराष्ट्रापुरते राहिले. त्यात गैर काही नाही. पण त्या कामातून जे शिकायला मिळाले तेही सीमेवरच अडून राहिले, आणि त्याची किंमत औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद, अफजलपूर, चिंचोळी या तालुक्यांना आजही मोजावी लागते आहे.

विकासाच्या नियोजनातच आपत्तीचा विचार मिसळला पाहिजे, हे तत्त्व आता कोणी नाकारत नाही. मार्च २०१५ मध्ये जपानमधल्या सेंदाई शहरात जगातल्या देशांनी २०३० पर्यंतचा जो आराखडा मान्य केला त्याचा गाभा हाच होता. २०१६ मध्ये पंतप्रधानांनी मांडलेल्या दहा कलमी कार्यक्रमातले पहिले कलमही हेच सांगते. कायद्यात तर ते त्याआधीच आले होते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार राज्याच्या प्रत्येक खात्याने आपत्ती टाळण्याचे आणि तिची झळ कमी करण्याचे उपाय स्वतःच्या विकास योजनांत गुंफायचे आहेत. या तत्त्वाभोवती सल्लागारांचा एक आंतरराष्ट्रीय व्यवसायही उभा राहिला आहे. जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि सरकारी खाती अशा सल्लागारांकडून धोक्यांचे नकाशे, जिल्हा आराखडे, मार्गदर्शिका तयार करून घेतात. त्यातले बरेच काम अभ्यासपूर्ण असते. अडचण पुढच्या टप्प्यावर येते. नाल्यावरच्या पुलाचे किंवा शाळेच्या खोलीचे इस्टिमेट कनिष्ठ अभियंता तयार करतो, त्याला तांत्रिक मान्यता मिळते, मग टेंडर निघते, आणि या संपूर्ण वाटेवर धोक्याचा नकाशा कोणी उघडत नाही, कारण तो उघडल्यावाचून कोणाची सही अडत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आपत्तीविषयक सल्ल्याची खरी जागा अहवालात नसून अंदाजपत्रकात आहे. सल्लागाराला मोबदला द्यायचा तो अंदाजपत्रक बदलले म्हणून द्यावा, आणि बीदर व कलबुर्गी या दोन सीमावर्ती जिल्ह्यांत हे करायला लागणारा कायदा, पैसा आणि अनुभव हाताशी आहे.

अनुभव म्हणजे किल्लारीचा. १९९३ पर्यंत हा भाग देशाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. नंतर नकाशा बदलला, पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. पण नकाशा आधीच बरोबर असता तरी माणसे वाचली असती का? ६.२ तीव्रतेचा भूकंप जगात अनेक ठिकाणी होतो आणि इतके बळी घेत नाही. इथे माणसांचा जीव घेतला तो भिंतींनी. दोन-अडीच फुटांची भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण आत दगडांचे दोन वेगळे थर असतात आणि मधल्या पोकळीत माती व बारीक दगड भरलेले असतात. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नसला की हादऱ्याबरोबर थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचे मातीचे ओझे झोपलेल्या माणसांवर येते. ते ओझेही दरवर्षी वाढत गेलेले असते, कारण गळती थांबवायला पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकायची पद्धत होती. जाड भिंत उन्हाळ्यात गारवा देते, चोरापासून राखते, दगड रानात फुकट मिळतो. म्हणजे घर अडाणीपणाने बांधलेले नव्हते, ते त्या त्या काळच्या गरजेला दिलेले शहाणे उत्तर होते. फक्त त्या उत्तरात भूकंप धरलेला नव्हता. आपत्तीची जोखीम अशी पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या बांधकामातून साचते. मग ती कमी करायची तर रोजच्या बांधकामातूनच करावी लागणार.

१९९४ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे २४ कोटी ६० लाख डॉलरच्या कर्जातून महाराष्ट्राने जे केले त्याचे दोन भाग पडतात. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि तेरा जिल्ह्यांत पसरलेल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व बळकटीकरण हाती घेतले गेले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती पहिल्या भागाची. माझ्या मते शिकण्यासारखे जास्त आहे ते दुसऱ्या भागात. दोन लाख घरमालकांना सरकारी अभियंता एकेकट्याने समजावून सांगू शकत नव्हता. तेव्हा शासनाने प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाचे सल्लागार नेमले. गावोगावच्या बायकांमधून ‘संवाद सहायक’ निवडल्या गेल्या. घराची रक्कम कशी मिळते, कोपरे कसे बांधायचे, दारा-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा कशासाठी, गवंडी काय चुकवतो आहे, हे त्या शिकल्या आणि त्यांनी शेजारणींना शिकवले. ‘सल्लागार’ या शब्दाचा इतका नेमका अर्थ त्यापूर्वी फार थोड्या प्रकल्पांत दिसला असेल. पुढे २००१ च्या कच्छ भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडच्या याच बायका गुजरातमधल्या गावांना अनुभव सांगायला गेल्या. त्या काळचे लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या कामात गेले. महाराष्ट्राच्या पुनर्वसनाचे काम पाहिलेले कृष्णा वत्स संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमात आपत्तीविषयक सल्लागार झाले आणि नंतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सदस्य. किल्लारीचे ज्ञान असे जिनिव्हापर्यंत पोचले. तीस किलोमीटरवरच्या कर्नाटकाच्या हद्दीत मात्र ते गावपातळीवर उतरले नाही.

या कामातले अपयशही लपवण्याचे कारण नाही, कारण माझा मुद्दा त्यावरच उभा आहे. दगडी भिंती बळकट करता येतात हे तंत्रज्ञांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. पण ज्यांनी दगडाखालून आपली माणसे उपसली होती त्यांचा दगडावर पुन्हा विश्वास बसेना. पुष्कळ कुटुंबांनी जुने घर बळकट करण्याऐवजी मिळालेल्या रकमेत विटा-सिमेंटची एखादी नवी खोली बांधणे पसंत केले. नव्या गावठाणांत तर वेगळेच घडले. मोठमोठ्या रस्त्यांच्या चौकटीत आखलेली घरे शेतकरी कुटुंबाला अपुरी पडली, आणि काही ठिकाणी त्यांना जोडून लोकांनी पुन्हा जुन्या पद्धतीने खोल्या, गोठे बांधले. त्यात ना पट्टा, ना आरपार दगड. कार्यक्रम चालू असेपर्यंत जो दंडक होता, तो कार्यक्रम संपल्यावर कोणाच्याच कामाचा भाग राहिला नाही. ग्रामपंचायतीच्या परवानगीत तो शिरला नाही, घरकुल योजनेच्या हप्त्याशी जोडला गेला नाही. उत्तम सल्ला, पुरेसा पैसा आणि लोकांचा सहभाग अशा तिन्ही गोष्टी असूनही काम प्रकल्पाच्या कुंपणात राहिले तर त्याचे आयुष्य प्रकल्पाएवढेच असते, हा किल्लारीतून मिळालेला सर्वांत ठोस पुरावा आहे.

आता कलबुर्गीकडे येऊ. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिंचोळी तालुक्यातल्या गडीकेश्वर आणि आसपासच्या गावांत धक्क्यांची मालिका सुरू झाली. सर्वांत मोठा धक्का चारच्या थोड्या वर होता, तरी लोकांनी रात्री घराबाहेर काढल्या आणि कित्येक कुटुंबे गाव सोडून नातेवाइकांकडे गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आले, यंत्रे बसली. गावकऱ्यांची मागणी मात्र साधी होती : झोपायला शेड द्या. या मागणीत पूर्ण निदान आले आहे. माणसांना जमिनीची भीती नव्हती, छपराची होती. हा शहाबादी फरशीचा मुलूख आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांत जी फरशी जमिनीवर असते, ती इथे भिंतीत आणि छतावरही असते. अशा बांधकामाला कमी खर्चात सुरक्षित कसे करावे याची भारतीय मानके नेमकी १९९३ साली, किल्लारीच्याच वर्षी प्रसिद्ध झाली. एक दगडी व तत्सम कच्च्या गाऱ्याच्या बांधकामासाठी, दुसरे मातीच्या घरांसाठी. म्हणजे ज्ञान तीस वर्षांहून जुने आहे. दरम्यानच्या काळात या जिल्ह्यांत केंद्राच्या आणि राज्याच्या योजनांतून सरकारी अनुदानाची घरे दरवर्षी उभी राहत आली. त्यातल्या प्रत्येक घराचा हप्ता सोडताना ‘कोपऱ्यात सळई आहे का, पट्टा घरभर फिरला आहे का’ एवढे पाहून छायाचित्र काढणे सक्तीचे असते, तर आज गडीकेश्वरसारख्या गावात रात्री आत झोपता येतील अशी बरीच घरे असती. त्यासाठी वेगळा प्रकल्प लागला नसता.

भूकंप क्वचित येतो. पाणी दरवर्षी येते, किंवा येत नाही. बीदर जिल्ह्याचा मोठा भाग मांजरेच्या वाटेने गोदावरीकडे उतरतो, कलबुर्गी भीमेच्या वाटेने कृष्णेकडे. दोन्ही नद्या महाराष्ट्रातून येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये उजनीतून आणि नीरेवरच्या वीर धरणातून सोडलेले पाणी, त्यात वाटेतल्या पावसाची भर, असा लोंढा अफजलपूर तालुक्यात शिरला तेव्हा भीमा-अमरजेच्या संगमावरच्या गाणगापुरासह काठची गावे पाण्याने वेढली गेली आणि लष्कराला बोलवावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या अभूतपूर्व पुराने आधी धाराशिव आणि सोलापूर झोडपले, मग हत्तरसंग-कुडल येथे सीना भीमेला मिळते तिथून ते पाणी खाली कलबुर्गीत उतरले. उभी तूर सडली. यातला प्रमाणाचा फरक ध्यानात घ्यावा : उजनीचा साठा ११७ टीएमसी, तर सीमेखालच्या, भीमेवरच्याच सोन्ना बंधाऱ्याचा जेमतेम तीन. खालच्या बंधाऱ्याने पूर अडवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच्या हाती असतो तो वेळ, आणि वेळ मिळणार की नाही हे वरून निरोप केव्हा येतो त्यावर ठरते. कृष्णेच्या पाण्याचे लवाद नेमले गेले ते वाटपासाठी. १९७६ च्या बच्छावत निवाड्याने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी पाणी दिले. तुटवडा वाटून घ्यायचे गणित आपण अर्धशतक घोटले आहे. पूर वाटून घ्यायचे गणित त्या मानाने कच्चे राहिले.

बीदर म्हटले की मराठी मनाला दामाजीपंत आठवतात. मंगळवेढ्याचा हा अधिकारी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी उघडतो, बीदरचा बादशहा त्याला पकडून बोलावतो, आणि विठू महाराच्या रूपात विठोबा दरबारात धान्याची किंमत चुकती करतो. भक्तीच्या या कथेत राज्यकारभाराची एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कोठार होते, त्यात धान्यही होते. ते केव्हा आणि कोणी उघडायचे हे मात्र आधी ठरलेले नव्हते, म्हणून दामाजीपंतांना तो निर्णय स्वतःच्या जिवावर घ्यावा लागला. धरणाचे दरवाजे, चारा छावण्या, टँकर, शेतकऱ्यांची मदत या सगळ्यांबाबत आजही बरेचसे निर्णय संकट दारात आल्यावर वरच्या पातळीवर होतात. याच बहामनी बीदरची नौबादची करेज, जमिनीखालून पाणी आणणारी पंधराव्या शतकातली बोगद्याची योजना, मातीखाली गाडली गेली होती, आणि अलीकडे ती साफ करून अभ्यासली गेली. दुष्काळ येणार हे धरून शहर वसवण्याची रीत इथे पाचशे वर्षांपूर्वी होती, हे सांगायला तेवढा पुरावा पुरेसा आहे. दुष्काळ आणि पूर हे इथे दोन वेगळे विषय नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. २०२३ मध्ये कर्नाटकाने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले आणि दोनच वर्षांत याच भागातली शेते पाण्याखाली गेली. ज्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्या तुरीचा शेतकरी दोन्ही वेळा तोच होता.

पैशाचे काय, हा प्रश्न इथे तरी टिकत नाही. संविधानातल्या ३७१-जे कलमानुसार या भागासाठी स्वतंत्र विकास मंडळ आहे, आजचे कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळ. त्याच्यासाठी २०२२-२३ मध्ये ३,००० कोटी रुपयांची तरतूद होती आणि नंतर ती ५,००० कोटींपर्यंत नेण्याची घोषणा झाली. रस्ते, शाळा, दवाखाने, अंगणवाड्या यांवर हा पैसा जातो. दुसरीकडे पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांना आपत्तीसाठी जो १ लाख ६० हजार कोटी रुपयांचा निधी ठरवला, त्यातला पाचवा हिस्सा खास आपत्तीची झळ आधीच कमी करण्यासाठी राखला. तो हिस्सा स्वागतार्ह आहे, पण माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. पाचवा हिस्सा सुरक्षेवर आणि त्याच्या कित्येक पट पैसा पूरपट्ट्यातल्या इमारतींवर जाणार असेल, तर एका हाताने जोखीम कमी होते आणि दुसऱ्या हाताने वाढते. लक्ष द्यायला हवे ते मंडळाच्या वार्षिक कृती आराखड्यातल्या त्या हजारो लहान कामांकडे. ओढ्यावरचा फरशी पूल किती उंच, नळकांडी पुलाच्या पाइपांतून वरच्या शिवाराचे पाणी मावते का, शाळेची खोली २०२० च्या पाण्याच्या खुणेच्या वर आहे का, दवाखान्याचा जनरेटर तळमजल्यावर तर नाही ना, एवढे चार-पाच प्रश्न.

पहिला आक्षेप येतो तो मागासलेपणाचा, आणि तो मनापासूनचा आहे. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये कर्नाटकातले जे ३९ अतिमागास तालुके दाखवले त्यातले २१ एकट्या गुलबर्गा विभागातले होते. जिथे रस्ताच नाही तिथे पूरसुरक्षित रस्त्याची चर्चा ही चैन नव्हे का? आधी शाळा होऊ द्या, मग तिची उंची पाहू. या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे की सुरक्षितता ही विकासानंतरची पायरी आहे. ओडिशाने ते खोटे ठरवले. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर बहुउद्देशीय निवारे बांधले. त्यातले कित्येक एरवी शाळा म्हणून वापरात असतात आणि वादळात तीच इमारत गावाला आसरा देते. २०१३ च्या फायलिन वादळात मृतांचा आकडा काही डझनांवर राहिला. ओडिशा तेव्हा श्रीमंत राज्य नव्हते. त्याने शाळा आणि सुरक्षा यांचे दोन वेगळे हिशेब ठेवले नाहीत, एवढेच. उलट मागास तालुक्यालाच हे परवडत नाही असे म्हणणाऱ्याने सांगावे की वाहून गेलेला पूल दुसऱ्यांदा बांधणे त्या तालुक्याला कसे परवडते. श्रीमंत जिल्ह्यात दुसरा रस्ता असतो. आळंद-अफजलपूरच्या वाडीवस्तीला एकच असतो, आणि तो तुटला की बाळंतिणीची वाट, शाळेची वाट आणि बाजाराची वाट एकाच वेळी बंद होते.

खर्चाचा आक्षेप याच्याशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय इमारत विज्ञान संस्थेच्या अभ्यासाने सरकारी अनुदानातून आधीच केलेल्या प्रतिबंधक कामावरच्या एका डॉलरमागे पुढचे सहा डॉलर वाचतात असा हिशेब मांडला. हा आकडा सल्लागारांच्या सादरीकरणांत फार फिरतो, पण तो जसाच्या तसा बीदरला लावणे मला मान्य नाही. तिथली मालमत्ता, विमा, मजुरी सगळे वेगळे. इथल्यापुरता विचार केला तरी गोष्ट स्पष्ट आहे. नव्या भिंतीत आरपार दगड ठेवायला गवंड्याचे थोडे जास्त श्रम लागतात. उभी भिंत नंतर फोडून तोच दगड घालायला किती खटाटोप पडतो हे किल्लारीत दिसले. पुलाची उंची आराखड्यात वाढवणे आणि बांधलेला पूल उंच करणे यांची तर तुलनाच होत नाही. काही कामांचा खर्च नक्की वाढेल, आणि त्यामुळे वर्षाला दहाऐवजी नऊ पूल होतील. लोकप्रतिनिधीला ते आवडणार नाही. पण दहावा पूल पहिल्याच मोठ्या पावसात जाणार असेल, तर त्याचे उद्घाटन हीच काय ती त्याची मिळकत.

सर्वांत गंभीर आक्षेप मला वेगळाच वाटतो. रकाना वाढवला की त्यात ‘होय’ लिहिणारा बाबू तयार होतो. पर्यावरण परिणामांच्या अहवालांचे पुष्कळ ठिकाणी हेच झाले, एकाचा मजकूर दुसऱ्यात उतरवला गेला. इथेही सल्लागार कंपनी दोन दिवसांत शंभर कामांना सुरक्षिततेचे प्रमाणपत्र देईल आणि जबाबदारी कागदावर पार पडेल. हा धोका खरा आहे, म्हणून सल्लागाराची कार्यकक्षाच बदलायला हवी. त्याने अहवाल सादर केला म्हणून बिल निघू नये. त्याने तालुक्याच्या अभियंत्यांबरोबर बसून किती इस्टिमेटे प्रत्यक्ष बदलली, आणि बदललेले काम जागेवर तसेच झाले का, हे मोजमाप पुस्तकातल्या नोंदीवरून पाहून बिल निघावे. प्रश्न पाचच्या वर नकोत आणि उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवली जावीत. पाणी गेल्या खेपेला कुठवर चढले होते हे गावातल्या म्हातारीला अभियंत्यापेक्षा जास्त नेमके ठाऊक असते, आणि खोटा ‘होय’ ती तिथल्या तिथे पकडते. संवाद सहायकांचा प्रयोग इथे जसाच्या तसा उचलता येईल. बीदर-कलबुर्गीत बचत गटांचे जाळे आहे, आणि शिकवायला बायका शोधायच्या तर त्या उमरगा-निलंग्यातच आहेत, शिवाय त्यांची बोली इथल्या गावांना समजते.

बोलीचा मुद्दा मी सहज काढलेला नाही. औराद, भालकी, बसवकल्याण आणि आळंद भागातल्या कित्येक गावांत घरची भाषा मराठी आहे, शेजारी कन्नड, उर्दू, तेलुगू नांदते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशाने स्वीकारलेल्या संरक्षणांनुसार ज्या भागात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघायला हव्यात. हा नियम सीमावादाच्या भाषणांत बऱ्याचदा येतो. मला तो पुराच्या संदर्भात अधिक महत्त्वाचा वाटतो. रात्री दोन वाजता आलेला इशारा वाचणाऱ्याला अर्थ लावायला वेळ लागला, तर तो इशारा वाया गेला. या मागणीत कन्नडचा अनादर नाही, आणि ती मान्य केल्याने सीमेच्या खटल्यात कोणाचेही म्हणणे कमजोर होत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या कन्नड गावांनाही महाराष्ट्राने हीच सोय दिली पाहिजे, अक्कलकोटला तर नक्कीच.

दोन राज्ये भांडत असताना सहकार्य होणार कसे, असे विचारणाऱ्यांना सांगावेसे वाटते की यंत्रणेच्या पातळीवर भांडण्यासारखे फारसे काही नाही. कर्नाटकाचे राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र १९८८ मध्ये दुष्काळ कक्ष म्हणून सुरू झाले आणि आज ते ग्रामपंचायत पातळीवर पाऊस मोजते. महाराष्ट्राकडे महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. विजेच्या इशाऱ्याचे ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केले, ते सीमा पाहत नाही. पावसाळ्यात अलमट्टीच्या पातळीवरून दोन्ही राज्यांचे अभियंते एकमेकांच्या संपर्कात असतातच. भीमा, सीना आणि मांजरा यांच्यासाठी तशीच नेमून दिलेली व्यवस्था हवी. उजनी, सीना-कोळेगाव आणि वीर धरणातून किती विसर्ग झाला की सोन्न्याला किती तास आधी कळवायचे, कारंजा धरण आणि मांजरेवरचे बंधारे यांचे वेळापत्रक कोणी कोणाला द्यायचे, आणि त्या तासांत कोणत्या गावांनी कुठल्या उंच शाळेत जायचे, हे सगळे आधी लिहून ठेवता येते. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीदर आणि कलबुर्गी या पाच जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दरवर्षी मे महिन्यात, एका वर्षी अक्कलकोटला आणि पुढच्या वर्षी अफजलपूरला, अभियंत्यांना घेऊन एक दिवस बसावे. त्या वर्षीच्या कृती आराखड्यांतली नदीकाठची कामे समोर ठेवून वरचे चार-पाच प्रश्न विचारावेत, आणि बैठकीचे इतिवृत्त मराठी व कन्नड दोन्हींत काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मृगाच्या आधी लागावे.